एका ‘सी’ ग्रेडचा हिशेब: अमेरिकेतील मेडिकल प्रवेशाची तयारी करणाऱ्यांसाठी

सेमिस्टर संपून ग्रेड जाहीर होतात, बाकी सगळीकडे ‘ए’ आणि ‘ए मायनस’ असताना ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसमोर ‘सी’ दिसतो, आणि डॉक्टर व्हायचे म्हणून कॉलेजात आलेल्या मुलाला किंवा मुलीला वाटते की सगळे संपले. अमेरिकेतल्या मराठी घरांत या धक्क्याला आणखी एक पदर असतो. आईवडील ज्या पद्धतीतून आले, तिथे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून खुल्या गटासाठी ५० टक्क्यांची पात्रता गाठली की पुढचा सारा निर्णय ७२० गुणांच्या नीटवर होतो. नीट चांगली गेली, तर बारावीच्या केमिस्ट्रीत किती पडले हे पुन्हा कोणी विचारत नाही. अमेरिकेत याच्या उलट आहे: कॉलेजातली प्रत्येक ग्रेड अर्जात कायम दिसत राहते, पण एकटी कोणतीही ग्रेड सहसा निर्णय करत नाही. हा फरक घरातल्या मोठ्यांना आणि सांगलीहून फोन करून ‘टक्के किती?’ विचारणाऱ्या आत्याला समजावणे सोपे नसते, म्हणून निदान विद्यार्थ्याने तरी तो नीट समजून घ्यावा. माझे मत आधीच सांगतो: एका ‘सी’ने होणारे नुकसान मोजता येते आणि ते बहुधा मर्यादित असते; खरे नुकसान त्या ‘सी’नंतरच्या सहा महिन्यांत घाईने घेतलेल्या निर्णयांनी होते.

आधी आकडेमोड

कागद घ्या आणि हिशेब करा. एका ग्रेडमुळे जीपीए, म्हणजे क्रेडिटनुसार काढलेली ग्रेडची ४.० पैकी सरासरी, किती उतरतो हे काढण्याची रीत सोपी आहे: उरलेल्या कोर्सेसच्या जीपीएमधून ती ग्रेड वजा करायची, आलेल्या फरकाला त्या कोर्सच्या क्रेडिटने गुणायचे आणि एकूण क्रेडिटने भागायचे. समजा, पदवीपर्यंत १२० क्रेडिट होतात, त्यांपैकी ११६ क्रेडिटचा जीपीए ३.८५ आहे आणि उरलेल्या ४ क्रेडिटच्या एका कोर्समध्ये ‘सी’, म्हणजे २.० आहे. ३.८५ वजा २.० म्हणजे १.८५, त्याला ४ ने गुणले की ७.४, त्याला १२० ने भागले की सुमारे ०.०६. म्हणजे ३.८५ चा जीपीए ३.७९ झाला. २०२३ साली एमडी (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) अभ्यासक्रमात प्रत्यक्ष दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा सरासरी जीपीए ३.७७ होता. ज्या ‘सी’ने रात्रीची झोप गेली, तिच्यासकट हा विद्यार्थी अजून त्या सरासरीच्या वर आहे.

तीच ग्रेड पहिल्या वर्षाअखेरीस, एकूण ३० क्रेडिट झालेली असताना आली, तर मात्र आकडा भयंकर दिसतो: ३.८५ चा थेट ३.६० होतो. घरात रडारड होते ती या टप्प्यावर. इथे आकडा मोठा दिसतो तो भाजक लहान असल्यामुळे. पुढची तीन वर्षे ३.८५ च्याच पातळीवर राहिल्यास तो शेवटी ३.७९ वरच येऊन थांबतो. म्हणून पहिल्या वर्षी जीपीएचा आकडा रोज पोर्टलवर जाऊन पाहण्यापेक्षा, पदवीअखेरीस तो किती असू शकेल हे एकदा मांडावे आणि तो कागद भिंतीवर लावावा.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. मेडिकल स्कूलच्या अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या चार विषयांचा वेगळा जीपीए काढला जातो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘बीसीपीएम’ किंवा सोप्या भाषेत सायन्स जीपीए म्हणतात. या विषयांची क्रेडिट सहसा एकूण क्रेडिटच्या निम्मी किंवा त्याहून कमी असतात, त्यामुळे सायन्समधल्या ‘सी’चा फटका तिथे साधारण दुप्पट बसतो. वरच्या उदाहरणात सायन्सची ५६ क्रेडिट धरली, त्यांतील ५२ क्रेडिटचा जीपीए ३.८ धरला आणि ४ क्रेडिटला ‘सी’ धरली, तर सायन्स जीपीए ३.६७ होतो. हा उतार लक्षात येण्याजोगा आहे, घातक नाही. इतिहासात किंवा अर्थशास्त्रात आलेली ‘सी’ एकूण जीपीए तेवढाच खाली ओढते, पण सायन्स जीपीएला हात लावत नाही. संख्याशास्त्र गणितात धरले जाते आणि मानसशास्त्र चारांच्या बाहेर राहते, हे पुष्कळांना फॉर्म भरेपर्यंत ठाऊक नसते.

कोणती ग्रेड कुठे मोजली जाते

बहुतेक एमडी स्कूल्सचा अर्ज ‘अ‍ॅमकॅस’ नावाच्या सामाईक सेवेतून जातो. ही सेवा अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी चालवते. बारावीनंतर तुम्ही अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या ज्या ज्या कॉलेजात एखादा तरी कोर्स घेतला असेल, त्या प्रत्येक कॉलेजचा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, या सेवेला द्यावा लागतो. इतकेच नव्हे, तर हायस्कूलमध्ये असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कॉलेज-क्रेडिटचे कोर्सही त्यात येतात. सोळाव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत, आईने नाव घातले म्हणून घेतलेल्या कॅल्क्युलसमधली ‘सी’ एकविसाव्या वर्षी अर्जात उभी राहते. ती लपवण्याचा विचारही करू नये. एखादे कॉलेज वगळल्याचे उघडकीस आले, तर प्रश्न ग्रेडचा न राहता सचोटीचा होतो, आणि त्या प्रश्नातून सुटका नसते.

ग्रेडचे मूल्य या सेवेत ठरलेले आहे: ‘ए’ म्हणजे ४.०, ‘ए मायनस’ ३.७, ‘बी प्लस’ ३.३, ‘बी’ ३.०, ‘सी’ २.०, ‘सी मायनस’ १.७ आणि ‘एफ’ शून्य. तुमच्या कॉलेजात ‘ए प्लस’ला ४.३ मिळत असले, तरी इथे ४.०च धरले जाते, त्यामुळे कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरचा जीपीए आणि अर्जातला जीपीए वेगळा निघू शकतो. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रे असणाऱ्या, कॉलेजांतली क्रेडिट सेमिस्टरमध्ये बदलताना साधारण दोन-तृतीयांश होतात; म्हणजे पाच युनिटचा कोर्स सुमारे ३.३ क्रेडिटचा भरतो आणि त्यातल्या ‘सी’चे वजनही तेवढेच कमी होते.

टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूल्ससाठी स्वतंत्र सेवा आहे. तिथे प्लस आणि मायनस धरत नाहीत, म्हणून ‘ए मायनस’वाल्याचा फायदा होतो आणि ‘बी प्लस’वाल्याचा तोटा. डीओ, म्हणजे एमडीला समांतर डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक स्कूल्सची सेवा तिसरी. या तिसऱ्या सेवेबद्दल एक जुना सल्ला अजून फिरत असतो, की कोर्स पुन्हा घेतला तर जुनी ग्रेड पुसली जाते. २०१७ पूर्वी तसे होते. त्यानंतर ही सेवाही दोन्ही प्रयत्न मोजते. ज्या दादाने हा सल्ला दिला, त्याने अर्ज कधी केला होता, हे आधी विचारावे.

भारतात पुण्यामुंबईला बीएस्सी करून मग अमेरिकेत आलेल्यांची गोष्ट निराळी आहे. परदेशी ट्रान्स्क्रिप्ट अ‍ॅमकॅस तपासत नाही आणि तिथले गुण तिच्या जीपीएत येत नाहीत. म्हणून तिकडच्या फिजिक्समधल्या सेकंड क्लासची चिंता करण्याचे कारण नाही. पण त्याचबरोबर इथल्या कॉलेजात नव्याने घेतलेल्या मोजक्या कोर्सेसवरच सगळा जीपीए उभा राहतो, आणि भाजक लहान असल्यामुळे तिथली एक ‘सी’ खरोखर जड जाते.

अर्ज वाचणाऱ्याला काय दिसते

अर्जात एकच जीपीए छापून येत नाही. पहिले, दुसरे, तिसरे, चौथे वर्ष, पदवीनंतरचे कोर्स आणि एकूण, अशा ओळी असतात. प्रत्येक ओळीत सायन्स, इतर विषय आणि दोन्ही मिळून असे तीन रकाने असतात. वाचणाऱ्याची नजर या तक्त्यावर वरून खाली फिरते. पहिल्या वर्षी ३.४, मग ३.७, मग ३.९ अशी चढण दिसली, तर पहिल्या वर्षातल्या ‘सी’चे स्पष्टीकरण त्या तक्त्यानेच दिलेले असते. ३.९, ३.८, ३.५ अशी उतरण असेल, तर एकूण आकडा तितकाच असूनही प्रश्न पडतो, कारण मेडिकल स्कूलमध्ये अभ्यासाचा बोजा आणखी वाढणार असतो.

विषयही पाहिला जातो. जनरल केमिस्ट्रीत ‘सी’ आणि नंतर ऑर्गॅनिक व बायोकेमिस्ट्रीत ‘ए’ असेल, तर पाया कच्चा राहिला नाही हे पुढच्या विषयांनी सिद्ध केले. जनरल केमिस्ट्रीत ‘सी’ आणि ऑर्गॅनिकमध्ये ‘बी मायनस’ असेल, तर ती ‘एक वाईट ग्रेड’ राहत नाही, मालिकेची सुरुवात होते. तुमच्यासमोरचा प्रश्न एका ग्रेडचा आहे की मालिकेचा, हे प्रामाणिकपणे ठरवा. हा लेख पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यासाठी आहे. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याला पदवीनंतरचे वर्ष-दोन वर्षांचे कोर्स किंवा मास्टर्सचा मार्ग लागू शकतो, आणि त्यासाठी कॉलेजच्या प्री-मेड अ‍ॅडव्हायझरसमोर सगळे कागद घेऊन बसणे भाग आहे.

एका ठिकाणी मात्र एक ग्रेड खरोखर दार बंद करू शकते. हायस्कूलनंतर लगेच मेडिकलची जागा राखून ठेवणारे जे सात-आठ वर्षांचे संयुक्त अभ्यासक्रम आहेत, आणि ज्यांचे भारतीय घरांत विलक्षण आकर्षण आहे, त्यांत ठरावीक जीपीए राखण्याची आणि काही ठिकाणी प्रत्येक सायन्स कोर्समध्ये किमान ग्रेड मिळवण्याची अट असते. तिथे ‘सी’ आली, की त्याच दिवशी करारपत्रातली अट शब्दशः वाचावी आणि कार्यक्रमाच्या कार्यालयाला लेखी विचारावे. घरच्या ओळखीच्या डॉक्टरकाकांचे मत नंतर घ्यावे.

तोच कोर्स पुन्हा घ्यावा का

सर्वांत जास्त चूक होते ती इथे. ‘सी’ आली की पहिला आग्रह असतो तो ‘पुन्हा घे आणि ए मिळव’ असा, कारण आपल्याकडे परीक्षेला पुन्हा बसले की जुने गुण मागे पडतात, असा अनुभव असतो. आता हिशेब पाहा. वरच्याच उदाहरणात ३.७८८ जीपीए असलेल्या विद्यार्थ्याने ४ क्रेडिटचा तोच कोर्स पुन्हा घेऊन ‘ए’ मिळवली. अ‍ॅमकॅस दोन्ही ग्रेड धरते, त्यामुळे क्रेडिट १२४ होतात आणि जीपीए ३.७९५ होतो. एक अख्खे सेमिस्टर, फी आणि मनस्ताप यांच्या बदल्यात ०.००७ मिळाले. तुमच्या कॉलेजात जुनी ग्रेड बदलून नवी लावण्याची सवलत असली, तरी ती कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टपुरती. अर्जात दोन्ही प्रयत्न लिहावेच लागतात.

याउलट त्याच सेमिस्टरमध्ये ४ क्रेडिटचा बायोकेमिस्ट्री किंवा सेल बायोलॉजीसारखा वरचा कोर्स घेऊन ‘ए’ मिळवली, तर आकड्यात वाढ तेवढीच होते, पण वाचणाऱ्याला दिसणारी गोष्ट फार वेगळी असते: आधी पाहिलेलाच विषय दुसऱ्यांदा जमला, यापेक्षा त्याच विषयावर उभा असलेला अवघड विषय पहिल्यांदाच जमला, हे जास्त बोलते. म्हणून साध्या ‘सी’साठी माझा सल्ला स्पष्ट आहे. पुन्हा घेऊ नका, पुढे जा.

अपवाद तीन आहेत. पहिला, ग्रेड ‘सी मायनस’ किंवा त्याखालची असेल तर. पुष्कळ स्कूल्स आवश्यक कोर्सेसमध्ये किमान ‘सी’ मागतात, त्यामुळे ‘सी’ आणि ‘सी मायनस’ यांच्यात आकड्याने ०.३ चा फरक असला, तरी पात्रतेच्या दृष्टीने ती सीमारेषा ठरू शकते. ज्या ज्या स्कूलला अर्ज करायचा, तिची अट एएएमसीच्या प्रवेश-माहितीकोशात आणि त्या स्कूलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावी. दुसरा, पुढचा कोर्स घेण्यासाठी तुमच्या कॉलेजचीच किमान ग्रेडची अट असेल तर. तिसरा अपवाद आकड्यांचा नाही: विषय खरोखर कळलाच नसेल आणि पुढचा कोर्स त्याच्याशिवाय कळणार नसेल, तर पुन्हा घ्यावा. ही कबुली स्वतःपाशी देणे अवघड जाते, पण ती न दिल्यास दुसरी ‘सी’ ठरलेलीच असते.

पुन्हा घ्यायचाच असेल, तर शक्यतो त्याच कॉलेजात किंवा तितक्याच तोलाच्या चार वर्षांच्या कॉलेजात घ्यावा. चार वर्षांच्या कॉलेजातली ‘सी’ उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजातल्या ‘ए’ने झाकली, तर ती झाकल्यासारखीच दिसते. आर्थिक कारणाने सुरुवातीपासून कम्युनिटी कॉलेजात शिकलेल्यांना हे लागू नाही. त्यांच्याकडे त्या नजरेने पाहण्याचे कारण नसते.

सेमिस्टर अजून चालू असेल तर

ग्रेड अजून लागलेली नसेल, तर हातात बरेच काही आहे. सिलॅबस काढा आणि त्यातले गुणांचे वाटप पाहा. समजा, दोन मिडटर्म प्रत्येकी २५ टक्के, गृहपाठ १० टक्के आणि फायनल ४० टक्के आहे. मिडटर्मना ५५ आणि ६० पडले आणि गृहपाठात ९० टक्के आहेत, तर आजवर ३७.७५ गुण हाती आहेत. ७० ला ‘सी’ असेल, तर फायनलमध्ये ८१ टक्के लागतात. ८० ला ‘बी’ असेल, तर पैकीच्या पैकी पडूनही ती मिळत नाही. हा हिशेब घेऊन प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जावे आणि ग्रेड कर्व्हवर देणार का, म्हणजे वर्गाच्या सरासरीनुसार सरकवणार का, हे सरळ विचारावे. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत ते पुष्कळदा होते, आणि मग ५५ गुण वाटतात तितके वाईट नसतात.

‘सी’ किंवा त्याहून बरी ग्रेड मिळण्याची शक्यता असेल, तर राहावे. ‘डी’ किंवा ‘एफ’ समोर दिसत असेल आणि विथड्रॉ करण्याची मुदत संपलेली नसेल, तर बाहेर पडलेले बरे. विथड्रॉचा ‘डब्ल्यू’ ट्रान्स्क्रिप्टवर दिसतो, पण जीपीएत धरला जात नाही, आणि चार वर्षांत एक ‘डब्ल्यू’ असल्याने कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. तीन-चार झाले, की अवघड दिसल्यावर मागे फिरण्याची सवय आहे असे वाटू लागते. कोर्स पास-फेल पद्धतीवर टाकणे हा उपाय आवश्यक कोर्सेससाठी सहसा उपयोगाचा नाही, कारण पुष्कळ स्कूल्स तिथे अक्षरी ग्रेडच मागतात.

कोर्स सोडण्याआधी एकूण क्रेडिट किती उरतात ते पाहावे. पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्ण वेळ धरण्यासाठी सामान्यतः १२ क्रेडिट लागतात. त्याखाली गेल्यास आर्थिक मदतीवर परिणाम होऊ शकतो. जे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांत आईवडिलांमुळे मिळालेल्या एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरून वयाच्या २१ व्या वर्षी बाहेर पडलेली आपली पुष्कळ मुलेही आली, त्यांनी तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी परवानगी घेतल्याशिवाय १२ च्या खाली जाऊच नये. ग्रेड पुढे सुधारता येते. व्हिसाचा दर्जा गेला, तर तो परत मिळवणे फार कठीण.

पुढचे सेमिस्टर

भरपाई म्हणून पुढच्या सेमिस्टरला १९ क्रेडिट घेणे हा आपल्या घरांतला लाडका उपाय आहे, आणि तो हमखास अंगाशी येतो. पुढचे सेमिस्टर नेहमीच्या क्रेडिटचे ठेवावे. त्यात एक भक्कम सायन्स कोर्स असावा, जेणेकरून सोपे विषय घेऊन पळ काढल्यासारखे दिसणार नाही, आणि नोकरी, लॅब, नाटकाची तालीम यांपैकी जे वेळ खात होते, ते काही महिने कमी करावे.

‘सी’ का आली, हे शोधण्यासाठी उत्तरपत्रिका मागून घ्याव्यात. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत मराठी मुलांचे एक ठरलेले दुखणे असते: पाठांतर. हायस्कूलपर्यंत पाठ करून ‘ए’ मिळत गेलेली असते, म्हणून शंभर रिअ‍ॅक्शन्स कार्डांवर लिहून पाठ केल्या जातात, आणि परीक्षेत एकशेएकावी, कधी न पाहिलेली रिअ‍ॅक्शन येते. या विषयात इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जातात, हे बाणांनी दाखवता येणे हेच शिकणे आहे. कोरा कागद घ्यावा, पुस्तकातला प्रश्न लिहावा, उत्तर झाकून यंत्रणा, म्हणजे इलेक्ट्रॉनचा हा प्रवास, स्वतः काढावी, अडल्यावर कमीत कमी दहा मिनिटे अडून राहावे आणि मगच उत्तर पाहावे. उत्तर वाचून ‘हो, हे मला येत होते’ असे वाटणे ही या विषयातली सर्वांत फसवी भावना आहे. फिजिक्समध्येही तेच, सूत्र पाठ असते, पण कोणते सूत्र कधी, हे ठरवण्याचा सराव नसतो.

आजारपण, नैराश्य, घरातला मृत्यू किंवा आर्थिक ओढाताण हे कारण असेल, तर उपाय अभ्यासाच्या पद्धतीत सापडणार नाही. कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात जाणे अर्जावर कुठेही उमटत नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाकावी. न बोलता काढलेले दुसरे वाईट सेमिस्टर मात्र ट्रान्स्क्रिप्टवर उमटते.

एमकॅट काय भरून काढते

एमकॅट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची सामाईक परीक्षा, हिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर असतात आणि २०२३ साली दाखल झालेल्यांची सरासरी ५११.७ होती. ‘सी’ ज्या विषयात आली, त्या विषयाची समज दाखवण्याची ही दुसरी संधी असते. पहिल्या, भौतिक आणि रासायनिक पायाभूत विभागात साधारण ३० टक्के प्रश्न जनरल केमिस्ट्रीचे, २५ टक्के फिजिक्सचे, २५ टक्के बायोकेमिस्ट्रीचे, १५ टक्के ऑर्गॅनिकचे आणि उरलेले बायोलॉजीचे असतात. जनरल केमिस्ट्रीत किंवा फिजिक्समध्ये ‘सी’ असून या विभागात (पट्टी ११८ ते १३२) १२९ किंवा १३० आले, तर वाचणारा त्या ‘सी’वर फार काळ थांबत नाही. उलट त्याच विभागात १२४ आले, तर ‘सी’ने निर्माण केलेल्या संशयाला दुजोरा मिळतो.

म्हणूनच ‘सी’ आल्यावर घाईघाईने परीक्षा उरकू नये. एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदा अशी मर्यादा असली, तरी प्रत्येक प्रयत्नाचे गुण स्कूल्सना दिसतात.

अर्ज कधी करावा

अर्ज प्रत्यक्ष प्रवेशाच्या एक वर्षाहून अधिक आधी, मे-जूनमध्ये भरला जातो. पदवी झाल्याबरोबर मेडिकलला जायचे असेल, तर तिसऱ्या वर्षाअखेरीस अर्ज जातो आणि चौथ्या वर्षाच्या ग्रेड त्यात नसतात. ‘सी’ पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात आली असेल, तर चढण दाखवायला वेळ आहे. ती तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंग सेमिस्टरमध्ये आली, तर अर्जातली ती सर्वांत ताजी ग्रेड असते, आणि तिच्यानंतर काहीच दिसत नाही. अशा वेळी एक वर्ष थांबून चौथे वर्ष चांगले करून मग अर्ज करणे शहाणपणाचे असते. ‘वर्ष वाया गेले’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोग इथे लागू पडत नाही. आज मेडिकलमध्ये दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मध्ये किमान एक वर्ष घेतलेले असतात. त्या वर्षात हॉस्पिटलमध्ये स्क्राइब, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा, म्हणून किंवा संशोधनाच्या लॅबमध्ये काम करता येते.

ग्रेडबद्दल लिहावे का, बोलावे का

वैयक्तिक निवेदनाला ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि त्यात एका ‘सी’ला एक ओळही देऊ नये. डॉक्टर का व्हायचे, हे सांगण्याची ती जागा आहे. तिथे माफी मागायला सुरुवात केली, की वाचणाऱ्याला जी ग्रेड कदाचित दिसलीही नसती, तीच लक्षात राहते. नंतर प्रत्येक स्कूल स्वतःचे पूरक प्रश्न पाठवते; त्यांतील काहींमध्ये शैक्षणिक वाटचालीबद्दल काही सांगायचे आहे का, असा रकाना असतो. ‘सी’मागे आजारपणासारखे ठोस कारण असेल, तर तिथे तीन-चार वाक्ये लिहावीत: काय घडले, त्याचा अभ्यासावर कसा परिणाम झाला, काय बदलले, आणि त्यानंतरच्या ग्रेड. कारण साधेच असेल, म्हणजे अभ्यासाची पद्धत चुकली असेल, आणि पुढचे सेमिस्टर चांगले असतील, तर तो रकाना रिकामा सोडणेही चालते. प्रोफेसर वाईट शिकवत होते, हे खरे असले तरी लिहू नये.

शिफारसपत्र मात्र इथे मोठे काम करते. ज्या प्रोफेसरांकडे ‘सी’ आली, पण नंतर ज्यांच्या वरच्या कोर्समध्ये किंवा लॅबमध्ये चांगले काम झाले, त्यांचे पत्र मिळाले तर सोन्याहून पिवळे.

मुलाखतीत ‘ऑर्गॅनिकमध्ये काय झाले?’ असे विचारले गेले, तर उत्तराची तयारी आधी मोठ्याने बोलून करावी, आणि ते अर्ध्या मिनिटात संपेल इतकेच ठेवावे. ‘पहिल्या सेमिस्टरला मी पाठांतरावर विसंबलो, दुसऱ्या मिडटर्मनंतर लक्षात आले, पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर मी रोज यंत्रणा लिहून काढू लागलो, आणि बायोकेमिस्ट्रीत मला ए मिळाली.’ एवढे सांगून थांबावे. त्यानंतरच्या शांततेत आणखी कारणे जोडण्याची ओढ होते. ती आवरावी आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहावी.